घंटी वाजवली होती, तरीही

प्रश्न : मी अडतीस वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे रोज सकाळी सायकल चालवतो. आमच्याकडे चालणारे, धावणारे आणि सायकलस्वार या सर्वांसाठी मिळून सुमारे तीन मीटर रुंदीचा एक सामायिक मार्ग आहे. तीन आठवड्यांपूर्वी, पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, मी तेथून ताशी सत्तावीस किलोमीटरच्या वेगाने जात होतो. पुढे एक बाई कानांत इयरफोन घालून धावत होत्या. दहाएक मीटरांवरून मी दोनदा घंटी वाजवली आणि उजवीकडून पुढे निघालो. नेमक्या त्याच क्षणी डबके चुकवण्यासाठी त्या उजवीकडे सरकल्या, त्यांचे कोपर माझ्या हँडलला लागले आणि त्या पडल्या. तळहात सोलवटले, गुडघ्याला टाके पडले. मी लगेच थांबून त्यांच्याकडे गेलो, पण मी घंटी वाजवली होती हे त्यांनी ऐकूनच घेतले नाही. त्या धावणाऱ्यांच्या एका गटात आहेत आणि तो गट आता मला पाहिले की मुद्दाम चौघे-चौघे आडवे धावतो. माझे सायकलस्वार मित्र म्हणतात की माघार घेऊ नकोस, इयरफोन घालून धावणाऱ्यांची छायाचित्रे काढून सगळ्यांना दाखवू. चूक कोणाची? धावणाऱ्यांना काहीच नियम नसतात का? त्या बाई रोज दिसतात, त्यांच्याशी काय बोलावे? आणि घंटीचा उपयोगच होणार नसेल, तर ती सायकलला लावायची तरी कशासाठी?
घंटी वाजवणारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन-तीनदा वाचले. आपला वेग किती होता आणि घंटी किती अंतरावरून वाजवली हे तुम्ही स्वतःहून सांगितले आहे, आणि ज्याला केवळ स्वतःचे समर्थन ऐकायचे असते तो हे तपशील सहसा गाळून टाकतो. तुम्ही ते गाळले नाहीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता उत्तर देते. चूक मुख्यतः तुमची आहे. कायद्याच्या नजरेत कोण किती दोषी ठरेल, हे देशागणिक बदलते आणि तो निवाडा माझा नाही. मी बोलते आहे ते एकाच वाटेवरून जाणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याविषयी, आणि त्या दृष्टीने तुम्ही दिलेले आकडेच पुरेसे बोलके आहेत.

ताशी २७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसात मीटर. त्या बाई ताशी ९ किलोमीटरने धावत होत्या असे धरले, तर त्यांचा वेग सेकंदाला अडीच मीटर होतो. म्हणजे तुमच्या दोघांमधले अंतर दर सेकंदाला पाच मीटरने कमी होत होते आणि दहा मीटरांवरून पहिली घंटी वाजली तेव्हा त्यांच्या हातात अवघे दोन सेकंद होते. तेवढ्या वेळात त्यांनी ती घंटी ऐकायची, ती आपल्याचसाठी आहे हे ओळखायचे, सायकल कोणत्या बाजूने येणार याचा अंदाज बांधायचा आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते ठरवायचे, असे सारे करायचे होते. त्यातही कानाची एक मर्यादा आड येते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला कळते ते मुख्यतः तो एका कानाला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोहोचतो म्हणून. अगदी पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी पडतो, त्यामुळे इयरफोन नसते तरीही तुम्ही कोणत्या बाजूने पुढे जाणार आहात हे नुसत्या घंटीवरून त्यांना समजले नसते.

आता तुमची बाजू पाहा. धोका दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो असे मानले, तर या वेगाने तेवढ्यात साडेसात मीटर मागे पडतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी त्यापुढे पाच-सहा मीटर थांबायला लागतात. एकूण अंतर तेरा मीटरांच्या आसपास होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते, आणि ब्रेक चाकाच्या रिमवर दाबणारे असतील तर रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत पहिला काही वेळ ते नीट पकडतच नाहीत. याचा अर्थ असा, की तुम्ही घंटी वाजवली त्या क्षणी त्या बाई पाय मुरगळून जागच्या जागी थांबल्या असत्या, तर तुमच्या मनात असूनही तुम्हाला सायकल थांबवता आली नसती. ही गोष्ट कबूल केल्याशिवाय बाकीचा विचार सरळ होणार नाही असे मला वाटते, कारण त्यांच्या कानांत काय होते आणि त्या कोठे सरकल्या हे प्रश्न नंतरचे आहेत. ज्या अंतरात आपल्याला थांबता येत नाही, त्या अंतरात माणूस असताना आपण वेग कमी केला नाही, हा सर्वांत आधीचा मुद्दा आहे.

आणि ते डबके तुम्हालाही दिसत होते. सायकलवर बसलेल्या माणसाची नजर बरीच पुढे असते, आणि बूट ओले करण्यापेक्षा धावणारा माणूस डबक्याला वळसा घालतो हे ओळखायला विशेष अनुभव लागत नाही. रस्ता उखडलेला असेल, फांदी खाली आलेली असेल, समोरून लहान मूल रांगेबाहेर येत असेल, तर पुढचा माणूस बाजूला सरकणार हे मागच्याला त्याच्याही आधी कळू शकते. मागून येणाऱ्याला समोरचे सगळे चित्र दिसते आणि पुढच्याला पाठीमागचे काहीच दिसत नाही, म्हणून सांभाळून घेण्याचे काम साहजिकच मागच्याकडे येते.

तुमचे आणि सायकलचे वजन मिळून ८५ किलो आणि त्या बाईंचे ६० किलो धरले, तर त्या क्षणी तुमच्या गतीत साठलेली ऊर्जा त्यांच्या गतीतल्या ऊर्जेच्या बारा-तेरा पट होती. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये जे बदल झाले, त्यांचा पाया हाच आहे : ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची जबाबदारीही अधिक. त्या क्रमात मोटारचालकाची जबाबदारी सायकलस्वारापेक्षा मोठी आणि सायकलस्वाराची पायी जाणाऱ्यापेक्षा मोठी धरली आहे, आणि सामायिक मार्गावर सायकलस्वाराने पायी माणसाला वाट द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. पायी जाणाऱ्यांच्या अगदी जवळून किंवा वेगाने, विशेषतः मागून, जाऊ नये आणि त्यांच्यापैकी कोणाला ऐकू येत नसेल किंवा दिसत नसेल हे लक्षात ठेवावे, असेही ती नियमावली सांगते.

यातले शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. त्या बाईंनी इयरफोन घातले होते म्हणून तुमचा राग त्यांच्यावर आहे, पण त्यांच्या जागी जन्मतः बहिरा असलेला एखादा तरुण धावत असता, तर तुमची घंटी त्याच्यापर्यंतही पोहोचली नसती आणि त्याला दोष देण्याचे तुमच्या मनातही आले नसते. पाठमोऱ्या माणसाकडे पाहून त्याला ऐकू येते आहे की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही. त्यामुळे घंटी वाजवल्यावर पुढच्याच्या हालचालीतून काही उत्तर मिळाले, त्याने मान वळवली, हात वर केला किंवा जरा कडेला झाला, तरच ती पोहोचली असे समजावे. उत्तर मिळाले नाही तर ती वाजलीच नाही असे धरून वागावे.

माझीही एक गोष्ट सांगते. मी अनेक वर्षे धावते आणि सायकल त्यानंतर आली. सायकल घेतल्याच्या पहिल्या वर्षी एका पायवाटेवर मी एका वृद्ध गृहस्थांच्या मागून, घंटी वाजवून आणि माझ्या मते पुरेशी जागा सोडून, पुढे गेले. धक्का लागला नव्हता. पण पुढे गेल्यावर सहज मागे वळून पाहिले, तर ते वाटेच्या कडेला खाली बसले होते आणि एक हात छातीवर होता. मी परत गेले. दचकण्यापलीकडे त्यांना काही झाले नव्हते, आणि तसे त्यांनी मलाच समजुतीच्या स्वरात सांगितले. त्या दिवशी मला कळले की आपण सोडलेली जागा पुरेशी होती की नाही, हे ज्याच्या शेजारून आपण गेलो त्याने ठरवायचे असते. मी स्वतः धावताना सायकलस्वारांवर कितीतरी वेळा चिडले होते आणि तरीही सायकलवर बसताच ते सारे विसरले होते.

जागेवरून आठवले. तुम्ही रस्त्यावरही सायकल चालवत असाल, तेव्हा मोटारी किती जवळून जातात याची तक्रार तुम्ही नक्की केली असेल, आणि ती रास्तच आहे. जर्मनीत २०२० पासून मोटारींनी सायकलस्वाराला मागे टाकताना वस्तीत किमान १.५ मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर अंतर सोडावे लागते. स्पेनमध्ये आणि ब्रिटनच्या नियमावलीतही दीड मीटरचेच माप आहे. सायकलस्वारांनी हे माप मागितले ते मोटारीचा धक्का लागण्याच्या भीतीपोटी तर आहेच, शिवाय खड्डा चुकवताना किंवा वाऱ्याच्या झोताने आपण थोडेसे हललो तरी जीव वाचावा म्हणूनही आहे. धावणाऱ्यालाही हलायला तेवढीच जागा लागते. तीन मीटरच्या वाटेवर माणूस कडेने धावत असेल तर एक ते दीड मीटर जागा सोडता येते. तो मधोमध असेल तर सोडता येत नाही, आणि मग जागेची कसर वेगातून भरून काढावी लागते. जागा जितकी कमी, तितका वेग धावणाऱ्याच्या वेगाच्या जवळ आणायचा. ताशी ९ किलोमीटरने धावणाऱ्याशेजारून ताशी १३-१४ किलोमीटरने गेलात, तर तो दचकत नाही आणि तुम्हालाही थांबता येते.

एवढे सांगून झाल्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तोही खरा आहे. धावणाऱ्यांना नियम असतात, आणि ते न पाळणारे धावणारे मीही रोज पाहते. हा भाग मी तुमच्या निमित्ताने त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

पहिली गोष्ट बाजूची. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात असे म्हटले आहे, की पादचाऱ्याला वाहनांच्या रस्त्यावरून चालावे लागले तर, त्यात धोका नसेल तेव्हा, त्याने वाहनांच्या बाजूच्या विरुद्ध बाजूने चालावे. म्हणजे वाहने डावीकडून चालत असतील तेथे पादचाऱ्याने आणि धावणाऱ्याने उजव्या कडेने जावे, जेणेकरून येणारे वाहन त्याला समोर दिसेल. पदपथ नसलेल्या रस्त्यासाठी हा नियम अतिशय चांगला आहे. त्याला अपवाद आंधळ्या वळणाचा, जेथे आतल्या कडेने येणाऱ्या धावणाऱ्याला चालक शेवटच्या क्षणापर्यंत पाहू शकत नाही. अशा वळणाच्या बरेच आधी रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जावे आणि वळण संपल्यावर परत यावे. मात्र अनेक धावणारे हाच नियम सामायिक मार्गावरही लावतात आणि सगळे एका बाजूने जात असताना हे समोरून येतात. वाहनांपासून वेगळ्या केलेल्या अशा मार्गावर, तेथे वेगळी सूचना लावलेली नसेल तर, सर्वांनी एकाच रिवाजाने, आपापल्या बाजूने जायचे असते. ताशी २७ किलोमीटरची सायकल आणि ताशी ९ किलोमीटरचा धावणारा समोरासमोर आले, तर दोघांमधले अंतर सेकंदाला दहा मीटरने कमी होते, आणि मग दोघेही एकाच बाजूला सरकण्याचा तो नेहमीचा गोंधळ निस्तरायला वेळच उरत नाही.

रस्त्यावर समोरून येणारा धावणारा आणि कडेने जाणारा सायकलस्वार यांची गाठ पडते, तेव्हा कोणी बाजूला व्हायचे, यावरून मी बरेच वाद ऐकले आहेत. माझे मत असे आहे की त्या एका प्रसंगी, पाय ठेवण्याजोगी कड असेल तर, धावणाऱ्याने खाली उतरावे. कारण सायकलस्वाराला वळसा घालायचा तर त्याला वाहनांच्या दिशेने आत यावे लागते आणि त्याच्या पाठीमागून काय येते आहे हे त्याला दिसत नाही, पण समोरून येणाऱ्या धावणाऱ्याला ते स्पष्ट दिसत असते. कड नसेल, तर सायकलस्वाराने वेग उतरवून, मागे पाहून, बाहेरच्या बाजूनेच जावे. धावणारा आणि रस्त्याची कड यांच्यामधल्या फटीतून सायकल घालू नये, कारण घाबरलेला माणूस सर्वांत आधी कडेकडेच उडी मारतो.

दुसरी गोष्ट रेषेची. धावणाऱ्याने आपली रेषा बदलण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहावे, ही सवय सहज लावून घेता येते. डबके असो, पाण्याचा नळ असो किंवा अंतर पूर्ण झाल्यावर परत फिरायचे असो, आधी मागे नजर टाकायची आणि मग वळायचे. घड्याळाने इशारा दिला की जागच्या जागी गर्रकन मागे वळणारे आणि नाडी बांधायला वाटेच्या मधोमध खाली बसणारे लोक स्वतःला फार मोठ्या धोक्यात घालतात. थांबायचे असेल तर आधी कडेला उतरावे. इयरफोनबद्दल माझा आग्रह एवढाच की सामायिक मार्गावर एक कान मोकळा ठेवावा किंवा आवाज इतका लहान ठेवावा की स्वतःची पावले ऐकू येतील. गटाने धावणाऱ्यांनी दोनाहून अधिक जण आडवे धावू नये आणि मागून कोणी आले तर एकामागे एक व्हावे. थुंकण्यापूर्वी आणि नाक शिंकरण्यापूर्वीही मागे पाहावे, आणि हे मी दोन्ही गटांना सांगते आहे. कुत्र्याला घेऊन धावणाऱ्यांनी दोरी आखूड धरावी, कारण आडवी ताणलेली बारीक दोरी सायकलस्वाराला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

अंधार असताना दोन्ही बाजूंकडून एक त्रास होतो, तो दिव्याचा. सायकलचा पुढचा दिवा समोरच्याच्या चेहऱ्यावर पडू नये इतका खाली वळवलेला असावा. डोळ्यांसमोर लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्यामुळे सायकल नेमकी किती लांब आहे हे ओळखणे कठीण जाते. जर्मनीत सायकलचा पुढचा किंवा मागचा दिवा लुकलुकणारा असायला परवानगीच नाही. कपाळावर दिवा बांधून धावणाऱ्यांनी समोरून कोणी आल्यास मान किंचित खाली घालावी.

तुम्ही चार-पाच सायकलस्वार मिळून जात असाल, तर आणखी एक काळजी घ्या. धावणारा पहिल्या सायकलला वाट देतो, ती गेली की सुटलो असे समजून परत आपल्या जागी येतो आणि नेमका दुसऱ्या सायकलपुढे सापडतो. म्हणून पहिल्याने "मागून आणखी तिघे आहेत" असे सांगावे आणि शेवटच्याने "मी शेवटचा" असे म्हणत जावे.

डोंगरातल्या किंवा रानातल्या अरुंद वाटांवर गेलात, तर तेथील रिवाज पूर्वीपासून ठरलेला आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या डोंगरी सायकलस्वारांच्या स्वतःच्याच संस्थेने घालून दिलेल्या नियमांनुसार, वेगळी सूचना नसेल तेथे सायकलस्वाराने पायी जाणाऱ्या आणि धावणाऱ्या सर्वांना वाट द्यावी, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. चढावर एकदा थांबलेल्या माणसाला लय पुन्हा धरणे किती जड जाते, हे चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मऊ मातीची वाट ओली असेल तर शक्यतो जाऊच नये, कारण चाकांनी पडलेली चाकोरी सुकल्यावर धावणाऱ्यांचे घोटे मुरगळते. आणि अशा वाटेवर डबके लागले, तर दोघांनीही कडेची झाडोरा असलेली जमीन न तुडवता सरळ त्यातून जावे, नाहीतर दर पावसाळ्यात वाट रुंद होत जाते. तुमच्या सामायिक मार्गावर मात्र त्या बाईंनी डबके चुकवणे अगदी स्वाभाविक होते.

मुळात ताशी सत्तावीस किलोमीटर हा वेग त्या मार्गाचा नाही, हेही सांगायला हवे. तुम्हाला दमसास वाढवायचा असेल, वेगाचा सराव करायचा असेल, तर तो वाहनांच्या रस्त्यावर, दिवे आणि हेल्मेटसह, किंवा मार्ग अगदी रिकामा असण्याच्या वेळी करावा. माणसे असताना तो मार्ग हळू जाण्यासाठीच आहे. सायकलस्वारांच्या आणि धावणाऱ्यांच्या वेळा नोंदवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या ॲपवर तुमच्या मार्गाचा एखादा टप्पा नोंदलेला असेल आणि त्यावरचा आपला वेळ सुधारण्याचा मोह होत असेल, तर तो टप्पा धोकादायक म्हणून नोंदवण्याची सोय तेथेच आहे, ती वापरा. अशा नोंदीनंतर त्या टप्प्याची क्रमवारी दाखवली जात नाही आणि तुमच्याबरोबर इतरांचाही मोह कमी होतो.

आता त्या बाईंविषयी. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही लगेच थांबलात, आणि ते तुमच्या हातून योग्य झाले. पण त्या जमिनीवर असताना, गुडघ्यातून रक्त येत असताना, घंटी वाजवल्याचे सांगणे ही त्या वेळची गरज नव्हती. त्यांनी ते ऐकून घेतले नाही याचे तुम्हाला आजही वाईट वाटते आहे. मला वाटते, त्यांनाही तुमच्याकडून काहीतरी ऐकायचे होते आणि ते त्यांना मिळाले नाही. लागले का, उठता येते का, कोणाला फोन करू का, यांपैकी काहीही आधी आले असते, तर पुढचे तीन आठवडे बहुधा वेगळे गेले असते.

म्हणून त्यांना भेटा. धावत असताना अडवू नका. धावून झाल्यावर, त्या उभ्या असतील तेव्हा, सायकल बाजूला लावून चालत जा आणि हेल्मेट काढून बोला. "त्या दिवशी मी फार वेगात होतो आणि फार जवळून गेलो. तुम्हाला माझ्यामुळे लागले. गुडघा कसा आहे?" एवढे बोला आणि थांबा. त्यापुढे "पण" जोडू नका. उपचाराचा खर्च झाला असेल तर तो देण्याची तयारी स्वतःहून दाखवा. त्या घेतील किंवा घेणार नाहीत, पण तुम्ही विचारले याला मोल आहे. इयरफोनचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला, तर "दोघांनीही जरा सांभाळू" इतके पुरे. गट बरोबर असेल तर सगळ्यांसमोर बोलायलाही कचरू नका, कारण आडवे धावून तुम्हाला अडवणाऱ्यांना आपल्या मैत्रिणीची बाजू घेण्यापलीकडे बहुधा काही साधायचे नाही, आणि तुम्ही आपणहून आलात हे त्यांनी पाहिले तर त्यांचाही हट्ट सैल होईल.

चौघांनी मुद्दाम आडवे धावणे चुकीचेच आहे आणि त्यांच्यापैकी कोणी मला लिहिले, तर मी त्यांनाही तसेच सांगेन. तरीही त्याला उत्तर म्हणून छायाचित्रे काढण्याची तुमच्या मित्रांची कल्पना तुम्ही थांबवा. अनोळखी माणसांची, त्यातही पहाटे एकटीने धावणाऱ्या स्त्रियांची, छायाचित्रे काढणे म्हणजे त्यांच्या मनात आणखी एक भीती निर्माण करणे आहे. अनेक स्त्रिया मागून येणाऱ्या कोणत्याही आवाजाकडे आधीच सावधपणे पाहतात, आणि पहाटेच्या अंधारात मागून अचानक आलेल्या सायकलमुळे त्यांच्या पोटात जो गोळा येतो त्याची कल्पना पुरुष सायकलस्वारांना बहुधा नसते. मित्रांना काही करायचेच असेल, तर दोन्ही गटांनी एकदा एकत्र उभे राहून कोणत्या वेळेला कोणत्या बाजूने जायचे हे ठरवावे. मी पाहिले आहे की त्या एका भेटीत माणसे एकमेकांची नावे शिकतात, आणि नाव माहीत असलेल्या माणसाला कोणी कट मारत नाही.

त्या बाईंनी तुमचे ऐकून घेतले नाही, नुसती मान हलवून त्या निघून गेल्या, तर पुन्हा त्यांच्या मागे लागू नका. तुमचे सांगून झाले आहे. त्यापुढे त्यांना जे दिसायचे ते रोजच्या वाटेवरच दिसेल.

राहिला घंटीचा प्रश्न. ती सायकलवर राहू द्या. मी वर सांगितलेल्या व्हिएन्ना करारातही सायकलला पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी असावी, असे म्हटले आहे. फक्त दहाऐवजी तीस मीटरांवरून वाजवा, म्हणजे तुमच्या त्या वेगानेही पुढच्याला सहा सेकंद मिळतील, आणि एकदाच वाजवा, कारण पाठोपाठ वाजणारी घंटी दटावल्यासारखी वाटते. मग पेडल थांबवून बोटे ब्रेकवर ठेवा आणि सायकलचा वेग उतरू द्या. पाचसहा मीटरांवर आलात की नेहमीच्या आवाजात बोला. नुसते "उजवीकडून" असे ओरडू नका. ते ऐकून कित्येक माणसे गडबडीत उजवीकडेच सरकतात. "मागून सायकल आहे, तुम्ही आहात तशाच धावा" असे म्हणा, म्हणजे त्यांना काहीच ठरवावे लागणार नाही. उत्तर आले नाही तर आणखी हळू व्हा, वाट रुंद होईपर्यंत त्यांच्या मागेच राहा, आणि पुढे गेल्यावर आभार मानून मगच पेडलवर जोर द्या.